चालत शाळेत: पालकासोबत, गटाने की एकट्याने?

आधी अंतर बघा. प्राथमिक शाळेतल्या मुलाला एक किलोमीटर चालायला १५ ते २० मिनिटं लागतात. दीड किलोमीटरपर्यंत रोजचं चालणं जमतं. शाळा त्याहून लांब असेल तर गाडी ५००-७०० मीटर अलीकडे थांबवून पुढे चालत जावं. फाटकासमोरची गर्दीही तेवढीच कमी होते.

सहा-सात वर्षांपर्यंत पालकाची सोबत हवीच. पण नुसता हात धरून नेलं तर मूल तुमच्या मागे येतं, रस्ता शिकत नाही. ओलांडण्याआधी त्यालाच विचारा, “आता जाऊ या का?” उत्तर चुकलं की का चुकलं ते तिथंच दाखवा. खरी अडचण पालकाच्या वेळेची असते. सकाळी दहा मिनिटं उशीर झाला की किल्ली हातात येते.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आमचं मत गटाच्या बाजूने. ठरलेला रस्ता, थांबे आणि वेळ, आणि पाळीपाळीने येणारे पालक. सहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुलं चार ते सहा वर्षांची असतील तर तिघांमागे एक. एक पुढे, एक शेवटी. गट मोडतो तो बहुधा दोन कारणांनी: एखाद्या थांब्यावर रोज वाट बघावी लागते, किंवा ज्याची पाळी तोच आजारी पडतो. म्हणून थांब्यावर दोन मिनिटं, त्यापुढे कुणासाठीच नाही, आणि रोजचा एक राखीव पालक. सुरुवात आठवड्यातून एकाच दिवसाने करा. पाचही दिवसांच्या उत्साहाला दम लागतो.

एकट्याने किंवा मित्रांबरोबर जाणं साधारण दहा वर्षांनंतर. त्याआधी येणाऱ्या गाडीचा वेग मुलांना नीट जोखता येत नाही. उभ्या गाड्यांच्या मधून ओलांडणं तर सगळ्यात वाईट: मुलाला गाडी दिसत नाही, चालकाला मूल. वय झालं तरी एकदम सोडू नका. आठवडाभर मूल पुढे, तुम्ही दहा पावलं मागे. मग मोठा रस्ता ओलांडून दिल्यावर उरलेलं अंतर एकट्याने. शेवटी पूर्ण वाट. जवळच्यापेक्षा कमी वेळा रस्ता ओलांडावा लागणारी वाट निवडा, थोडी लांब पडली तरी.

तिन्हीत दप्तर आड येतं. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत ठीक, म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. पाण्याची भरलेली बाटलीही त्यातच धरा.