स्विफ्टला कॉइलओव्हर: एक पावसाळा काढल्यानंतर

उन्हाळ्यात स्विफ्टला कॉइलओव्हर (उंची खाली-वर करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) बसवले, आता दिवाळी तोंडावर आलीय. पामबीचसारख्या गुळगुळीत रोडवर चालवायचं तर खुशाल घ्या. रोजचा रस्ता घोडबंदरचा, खड्ड्यांचा असेल तर पुढचं वाचा.

सुरुवातीला गाडी ४० मिमी खाली घेतली. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३, म्हणजे उरले १२३. दिसायला झकास, लेन बदलताना डोलणं बंद. पण वळणात दाबली की पुढचा बाहेरचा टायर कडेवर रेटला जायचा. एवढ्या कडक स्प्रिंगा टाकून हे का?

उत्तर रॅम्पवर मिळालं. चारही चाकं टेकलेली असताना खालून पाहिलं, तर लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) चाकाकडे वर चढलेला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे: खाली एकच आर्म, वरचं काम शॉकअपच करतो. स्वस्त, सुटसुटीत, आडव्या इंजिनाला जागा सोडणारी रचना. पण आर्म आडवा होऊन वर गेला की चाक दबताना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) वाढायच्या ऐवजी कमी होतो. शिवाय रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, म्हणजे कलायला उलट मोठी तरफ मिळते. स्प्रिंगेने जे कमावलं, त्यातलं बरंच भूमितीने खाल्लं.

रेसच्या गाडीत हे आर्मच्या मांडणीतच सोडवतात. फॉर्म्युला वनमध्ये वर-खाली दोन विशबोन (व्ही आकाराचे आर्म) असतात. त्यांची लांबी नि कोन असे ठरवतात की चाक हललं तरी टायर रस्त्यावर नीट टेकलेला राहावा. स्प्रिंग-डॅम्पर चाकाजवळ नाहीतच. पुशरॉड किंवा पुलरॉडने (ढकलणाऱ्या वा ओढणाऱ्या दांड्याने) जोडून ते बॉडीच्या आत, वाऱ्याच्या वाटेबाहेर. चाकाला हलायला जागा जेमतेम, कारण गाडी वरखाली झाली की डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबणारा वाऱ्याचा जोर) बिघडतो. गुळगुळीत ट्रॅकवर ते चालतं. घोडबंदरच्या गायमुख घाटात पावसाळ्यात? नाव नको.

स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एक पिळणारी तुळई. एका चाकाचा खड्डा थोडाफार दुसऱ्यालाही कळतो, आणि कडक स्प्रिंगेवर तो पाठीलाही कळतो. आई हल्ली मागे बसायला तयार नाही.

आता गाडी २० मिमीच खाली ठेवलीय. आर्म जवळपास आडवा, सोसायटीचा स्पीडब्रेकर घासत नाही, वळणातही गाडी जास्त शहाणी वाटते. उंची बदलली की अलाइनमेंट लगेच करा, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) बिघडतो आणि टायरची कड जाते. आणि पावसाळ्याआधी कॉइलओव्हरचे थ्रेड (आटे) घासून ग्रीस लावा. माझी पुढची डावी, उंची बदलायची रिंग चिखलाने अशी जाम झाली की स्पॅनर घसरून तिची खाचच गेली.