रोजच्या जगण्यातली कविता: आधी सुर्वे की कोलटकर?

चांदणं, पाऊस आणि विरहाला कंटाळलेल्या, आपल्या आजूबाजूचं जगणं कवितेत शोधणाऱ्या वाचकापुढे बहुतेक वेळा दोन पुस्तकं ठेवली जातात: नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि अरुण कोलटकरांचं ‘चिरीमिरी’ (२००३). दोन्हींकडे साध्या माणसांची बोली आहे, पोटामागची वणवण आहे. तरी एक आवडलं म्हणून दुसरं आवडेलच असं नाही.

सुर्वे म्हणजे गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेलं पोर. पुढे शाळेत शिपाई, मग पालिकेच्या शाळेत मास्तर. चाळ, गिरणी, भाकरी हे विषय त्यांना शोधायला जावं लागलं नाही. त्यांच्या कवितेतला ‘मी’ थेट तुमच्याशी बोलतो आणि पहिल्याच वाचनात पोचतो. मात्र काही कविता सभेतल्या भाषणासारख्या चढत जातात. तिथे माणूस मागे पडतो आणि घोषणा उरते.

कोलटकर स्वतःला कवितेतून जवळजवळ पुसून टाकतात. विरामचिन्हांची फारशी मदत नाही, भावना सांगायची नाही, फक्त जे दिसतंय ते तिरकसपणे समोर ठेवायचं. अर्थ काढायचं काम तुमचं. ज्याला ते काम नकोसं वाटतं, त्याला कोलटकर कोरडे वाटतात, आणि त्यात त्याचं फार चुकत नाही.

दोघांतला फरक कळायला एकच विषय पुरे आहे: देहविक्रय करणाऱ्या बायका. सुर्व्यांच्या ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’मध्ये अशी एक आई पोराला शाळेत घालायला येते. बापाचं नाव काय लिहायचं, हा प्रश्न. बोलते ती एकटीच, तिच्या भाषेत. ऐकणारा मास्तर गप्प. वाचताना गळा दाटतो, आणि तो दाटावा हे कवीला हवंच आहे. ‘चिरीमिरी’त भजनी बळवंतबुवा अशाच बायकांना घेऊन पंढरपूरला जातात. इथे कणव नाही. चेष्टा आहे, फटकळपणा आहे, विठोबाशी बरोबरीची सलगी आहे. ही सलगी जनाबाईची. विठोबाला दळण-कांडणाला जुंपणारी आणि प्रसंगी त्याला शिव्याही घालणारी जनी आठवली, की या बायका वारीला शोभतात की नाही हा प्रश्नच उरत नाही. मला हे जास्त धीट वाटतं. सुर्वे त्या बाईसाठी आपल्याकडे दाद मागतात. कोलटकरांच्या बायकांना आपली गरजच नाही.

तरीही शाळेच्या पुस्तकाबाहेर कविता वाचलेली नसेल, किंवा घरात चारजणांना मोठ्याने वाचून दाखवायची असेल, तर आधी सुर्वेच घ्या. अभंग कानावर असतील, विनोदाला वावडं नसेल, तर थेट ‘चिरीमिरी’. मुंबईच नको असेल, तर अनुराधा पाटील यांचा, २०१९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला ‘कदाचित अजूनही’ बघा. तिथला आवाज खालच्या पट्टीतला आहे.

साहित्य अकादमीचं नाव बघून कोलटकरांची ‘भिजकी वही’ मात्र पहिल्यांदाच उचलू नका. पुस्तक थोर आहे, पण जाडजूड आहे. इजिप्तच्या इसिसपासून ग्रीकांच्या कॅसॅंड्रापर्यंत जगभरच्या रडणाऱ्या बायका त्यात भेटतात, आणि त्यांच्या कथा थोड्या तरी माहीत असाव्या लागतात. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) तर त्याहून अवघड. ते तिसऱ्या नंबरला ठेवा.