आयटीआयमध्ये कोणतं ऑनलाइन साधन आणावं: व्हॉट्सअ‍ॅप, क्लासरूम, मूडल की भारत स्किल्स?

आयटीआयमधले फिटरचे निदेशक, म्हणजे तो ट्रेड शिकवणारे शिक्षक, मुलाने घडवलेल्या जॉबला ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावतात आणि जॉब खिडकीकडे धरतात. पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, की तिथे अजून कानस चालवायची आहे. ती रेघ वीस मुलांना एकदम दाखवता येत नाही. पुढचे चौघे बघतात, मागचे नुसती मान डोलावतात आणि दोन तासांनी तेच मागचे "सर, झालं का बघा ना" म्हणत रांग लावतात.

निदेशकांनी ऑनलाइन साधनं वापरावीत असं ज्या प्राचार्यांना किंवा गटनिदेशकांना वाटतं, त्यांनी बोलायला सुरुवात या रेघेपासून करावी. मी मेकॅनिकल गटाचा गटनिदेशक आहे. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सअ‍ॅप, गूगल क्लासरूम, मूडल आणि भारत स्किल्स ही चारही साधनं आमच्याकडे कमीअधिक वापरून झाली. त्यातलं कोणतं घ्यावं हे ठरवायला बसलेल्यांसाठी हे लिहितोय. मोजपट्टी एकच ठेवली आहे: वीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेला, कागदांना कंटाळलेला निदेशक हे साधन स्वतःहून दुसऱ्यांदा उघडेल का?

आधी तो कंटाळा समजून घेऊ. लेथवर शतांश मिलिमीटर सांभाळणारा माणूस फोनला घाबरत नाही. तसं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. लेसन प्लॅन, डेमो प्लॅन, डेली डायरी, प्रोग्रेस कार्ड हे सगळं तो हाताने लिहितो, त्यातलं बरंचसं पुन्हा पोर्टलवर भरतो, आणि त्यावर कोणीतरी येऊन म्हणतं की आता ऑनलाइनही शिकवा. २०२० च्या टाळेबंदीची आठवणही ताजी आहे. वर्कशॉपला कुलूप, मुलांच्या घरी एकच फोन, तोही वडिलांचा, आणि वडील रात्री आठला घरी येणार. तेव्हा आम्हाला एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं होतं. दिवसभर स्लाइड दाखवल्या, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आलं, पण स्वतःच्या ट्रेडचा एकही धडा कोणाकडून करून घेतला नाही. वेल्डिंग स्लाइडवरून शिकवता येत नाही हे आमचे निदेशक तेव्हा सांगत होते. त्यांचं बरोबर होतं.

पहिलं साधन व्हॉट्सअ‍ॅप. प्रत्येकाच्या फोनमध्ये ते आहेच, शिकवावं लागत नाही, रिचार्ज बेताचा असला तरी चालतं. टर्नरचे आमचे एक सर कधी टाइप करत नाहीत. मुलगा टूलचा फोटो टाकतो, सर तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज करतात: "क्लिअरन्स कमी पडलाय, म्हणून घासतंय. परत ग्राइंड कर." निदेशकाचा आवाज आणि बोली मुलापर्यंत जशीच्या तशी पोचते. बाकी कुठल्याच साधनात हे इतकं सहज जमत नाही.

पण महिनाभरात त्याच्या मर्यादा दिसू लागतात. व्हिडिओ पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. ०.०२ मिमी वाचायला शिकवायचं आणि व्हर्नियरच्या रेघाच पुसट, मग उपयोग काय? डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर रेघा स्पष्ट राहतात, पण मुलांचे फोन भरतात आणि ते पहिल्यांदा हेच डिलीट करतात. जुलैत टाकलेला डेमो ऑक्टोबरमध्ये कोणालाही सापडत नाही. कोणी काय पूर्ण केलं याची नोंद राहत नाही. त्याहून मला खटकते ती दुसरी गोष्ट: साध्या ग्रुपमध्ये टाकलं की प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्या बॅचला दिसतो. मुलींच्या पालकांनी हे आमच्या लक्षात आणून द्यावं लागलं, ते आम्हालाच आधी सुचायला हवं होतं. कम्युनिटी करून तिच्या घोषणांच्या ग्रुपमधूनच सूचना दिल्या तर मुलांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ग्रुप करायचाच असेल तर पहिल्या दिवसापासून असा करा. आणि रात्री नऊनंतर निदेशक उत्तर देणार नाहीत, हे प्राचार्यांनी स्वतः मुलांना सांगावं. निदेशकाने सांगितलं तर तो टाळतोय असं दिसतं.

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आलं आणि २०१७ पासून साध्या वैयक्तिक जीमेलवरही चालतं, म्हणजे संस्थेच्या खात्यासाठी अडून बसायला नको. निदेशक याला तयार होतो तो एका कारणाने: पेपर तपासणं संपतं. वीस मुलं, पंचवीस बहुपर्यायी प्रश्न, दर महिन्याची चाचणी. हाताने तपासायला, मार्क चढवायला दोन तास लागतात आणि ते दोन तास घरचे असतात. गूगल फॉर्मची क्विझ तेच काम मुलाने सबमिट दाबताक्षणी करते, मार्क शीटमध्ये आपोआप येतात, आणि कोणत्या प्रश्नाला अर्धा वर्ग चुकला तेही दिसतं. आमच्याकडे मायक्रोमीटरच्या झिरो एररचा प्रश्न असा सापडला. शिकवून झालं होतं, पण एरर बेरजेत घ्यायची की वजाबाकीत, यावर वर्ग अडकला होता. पुढच्या आठवड्यात सरांनी तेवढंच परत घेतलं. आता थिअरीची अखेरची परीक्षा संगणकावरच होते, त्यामुळे पडद्यावर वाचून पर्याय निवडायची सवयही मुलांना आपोआप लागते.

क्लासरूमची खरी डोकेदुखी पासवर्ड आहे. एकेका मुलाची तीन-तीन जीमेल खाती असतात, एकही आठवत नाही, सिम बदललेलं असतं. सत्राच्या सुरुवातीचा एक पूर्ण तास यासाठी द्या, वहीच्या शेवटच्या पानावर ईमेल लिहून घ्या. तो तास वाचवायला गेलात तर वर्षभर रोज दहा मिनिटं जातील. दुसरं, मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते, व्हिडिओ टाकले की ती संपते. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवावा आणि क्लासरूममध्ये फक्त लिंक द्यावी. आणि घरी सोडवलेली क्विझ हा सराव समजावा. तिचे मार्क सेशनलमध्ये, म्हणजे अंतर्गत गुणांत, धरायला लागलात की मुलं स्क्रीनशॉट फिरवतात आणि निदेशकाचा त्या साधनावरचा विश्वास कायमचा उडतो.

मूडलबद्दल मला आदर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेली, ऑनलाइन वर्ग चालवायची ही मुक्त प्रणाली २००२ पासून जगभर वापरात आहे. प्रश्नपेढी, प्रत्येक मुलाला वेगळे प्रश्न, जॉबनुसार गुण, सगळं त्यात क्लासरूमपेक्षा सरस. इंटरनेट नसलेल्या वर्कशॉपसाठी तर मूडलबॉक्स ही फार छान सोय आहे: रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर मूडल बसवायचं, तोच वायफाय सोडतो, मुलं फोन जोडतात, डेटा एक पैशाचा लागत नाही. डोंगराळ तालुक्यातल्या संस्थेने याचा जरूर विचार करावा.

तरीही शासकीय आयटीआयला मी मूडल सुचवायला कचरतो, कारण बदली. मूडल मोफत असलं तरी ते चालवणारा माणूस लागतो. बहुधा तो कोपा या संगणकाच्या ट्रेडचा हौशी निदेशक असतो. त्याची बदली झाली की अपडेट थांबतात, पासवर्ड कोणाकडे आहे ते कळत नाही आणि दोन वर्षांचे प्रश्न आत अडकून पडतात. संस्थेत हे काम जाणणारी किमान दोन माणसं असतील आणि दर महिन्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर प्राचार्यांच्या कपाटात जाणार असेल, तरच मूडल घ्या.

भारत स्किल्स या तिघांच्या रांगेत बसत नाही. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं हे पोर्टल म्हणजे ट्रेडनुसार पुस्तकं, प्रश्नसंच, सराव चाचण्या आणि व्हिडिओंचं भांडार आहे. अभ्यासक्रमाशी जुळतं आणि परीक्षेच्या धाटणीचं असतं. चेन्नईच्या निमी संस्थेची पुस्तकंही याच अभ्यासक्रमावर आहेत आणि मराठीतही निघतात, हे आमच्या काही निदेशकांनाच माहीत नव्हतं. पण यात तुमचा वर्ग नाही. मुलाने काय सोडवलं ते तुम्हाला दिसत नाही, आणि निदेशकाला स्वतःचं काही घालता येत नाही. म्हणून निदेशकाला "हे वापरा" एवढंच सांगितलं तर त्याला वाटतं, आपल्या जागी पोर्टल आलं. त्याला असं सांगा: प्रश्न शून्यातून लिहीत बसू नका, इथले घ्या, आपल्या मुलांना जड जातील ते बदला आणि फॉर्ममध्ये टाका. मग तेच भांडार त्याची संध्याकाळ वाचवतं.

या चौघांच्या बाहेरच्या दोन गोष्टी. इलेक्ट्रिशियनच्या निदेशकांना फेटचं सर्किट बनवायचं सिम्युलेशन एकदा दाखवाच. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प आहे, मोफत आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. पडद्यावर तारा जोडायच्या. शॉर्ट केलं की बॅटरीवर ज्वाळा उठतात. जी चूक खऱ्या बोर्डावर कोणाला करू देता येत नाही, ती मुलं इथे दहादा करतात. कोपासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लिब्रेऑफिससारखे विषय मराठी आवाजात, डाउनलोड करून नेट नसतानाही चालणारे.

आता मूळ प्रश्न, निदेशकाला तयार कसं करायचं. परिपत्रक काढलं की लिंक तयार होतात, पण त्या उघडणारं कोणी नसतं. एक दिवसाच्या प्रशिक्षणाबद्दल वर लिहिलंच आहे. आमच्याकडे जे लागू पडलं ते एका वेल्डिंगच्या काचेमुळे. वेल्डरच्या सरांनी हेल्मेटची अकरा नंबरची काच फोनच्या कॅमेऱ्यासमोर चिकटवली आणि एका मुलाला फोन धरायला लावून बीड (वेल्डिंगची रेघ) ओढली. एरवी त्या झगमगाटात मुलाला आर्कजवळ नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. व्हिडिओत वितळलेल्या धातूचं डबकं स्पष्ट दिसत होतं, इलेक्ट्रोड थांबला की ते कसं पसरतं, घाईने पुढे नेला की कसं आक्रसतं. सरांनी तो टी-ब्रेकला सहकाऱ्यांना दाखवला. त्या आठवड्यात तीन निदेशक माझ्याकडे आले आणि त्यांनी विचारलं, "फोनला स्टँड मिळेल का?" स्टँड विकत आणला नाही. फिटरच्या मुलांनी फ्लॅट पट्टी आणि कंड्युट पाइपचा बनवला, बेंच व्हाइसमध्ये पकडता येतो असा. तो त्यांचा जॉबच झाला.

त्या अनुभवातून काही गोष्टी पक्क्या झाल्या. एका व्हिडिओत एकच क्रिया, दोन-तीन मिनिटांची. ग्राइंडर बंद असताना, जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग, नाहीतर आवाज ऐकूच येत नाही. निदेशकाचा चेहरा नको, हात दिसू द्या. बरेच जण चेहऱ्याच्या संकोचानेच नाही म्हणत असतात. व्हिडिओच्या क्यूआर कोडची प्रिंट टूल रूमच्या खिडकीवर लावा, मशीनवर कधीच नको. मुलाने हत्यार घेताना व्हिडिओ बघायचा, मग फोन तिथल्या पेटीत ठेवून मशीनवर जायचं. चालत्या लेथजवळ फोन ही तडजोड कोणत्याही साधनासाठी करू नये.

आणि वेळ. तासिका तत्त्वावरच्या निदेशकाला घरी बसून केलेल्या कामाचा एक रुपया मिळत नाही. त्याच्याकडून व्हिडिओ आणि प्रश्न फुकटात मागणं मला पटत नाही. आठवड्यातला एक तास वेळापत्रकातच या कामासाठी लावा आणि तो मोजा. नियमित निदेशकाला ऑनलाइन नोंद आली की तीच नोंद कागदावर लिहिण्यातून सूट द्या. ही सूट देणं प्राचार्यांच्या हातात जेवढं असेल तेवढं त्यांनी द्यावं, कारण दुहेरी लेखन चालू राहिलं तर क्लासरूम दिवाळीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

माझी निवड विचाराल तर: पहिले तीन महिने व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी आणि स्वतःचे अनलिस्टेड व्हिडिओ. प्रत्येक निदेशकाचे पाचच, त्याच्या ट्रेडमध्ये मुलं हमखास चुकतात त्या पाच क्रियांचे. नंतर चाचण्यांसाठी क्लासरूम, प्रश्न भारत स्किल्समधून. मूडल फक्त वर सांगितलेल्या अटीवर. रेंजच नसलेल्या संस्थेने मात्र हा क्रम सोडून थेट मूडलबॉक्सकडे जावं आणि त्यासाठी शेजारच्या आयटीआयमधला दुसरा माणूस आत्ताच शोधून ठेवावा.

सुरुवात तरुण निदेशकापासून करावी असं सगळ्यांना वाटतं, तो पटकन शिकतो म्हणून. मी ज्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत त्यांच्यापासून करेन. त्यांना अ‍ॅप शिकवायला जाऊ नका. फोन धरायला एक मुलगा द्या, जॉब आणि ट्राय स्क्वेअर हातात द्या आणि खिडकी उघडी ठेवा. अपलोडचं काम कोपाची मुलं करतील.