व्हर्च्युअल डिस्क तपासायची कशी: गेस्ट बूट करून की क्यूटेस्टने?

क्यूएम्यू म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे 'गेस्ट', चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या व्हर्टआयओ-ब्लॉक या व्हर्च्युअल डिस्कच्या कोडला पहिल्यांदा हात लावला की माणूस सगळ्यात आधी काय करतो? गेस्टमध्ये बूट करायला उबुंटू लिनक्सची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल, डाउनलोडला लावतो. कर्वेनगरच्या खोलीत रूममेटच्या वायफायवर मीही लावली होती. बदल होता चार ओळींचा, आणि तो तपासायला आयएसओची गरजच नव्हती.

क्यूटेस्ट ही क्यूएम्यूचीच टेस्ट लिहायची सोय. तिच्यात गेस्टचा सीपीयू चालतच नाही. तुमचा टेस्ट प्रोग्राम सॉकेटवरून क्यूएम्यूला सांगतो: या पत्त्यावर हे लिही, त्या रजिस्टरमध्ये काय आहे ते वाच. ऑपरेटिंग सिस्टिम नाही, ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर तुम्हीच. मेमरीत आधी १६ बाइटचं हेडर (काय करायचं आणि डिस्कवर कुठे, ते) मांडायचं, मग ५१२ बाइटचा डेटा आणि शेवटी एक बाइट स्टेटससाठी. सोर्समधली तयार टेस्ट त्या बाइटमध्ये मुद्दाम २५५ भरून ठेवते. डिव्हाइसने काम केलं तर तिथे ० येतो, आयओ एरर असेल तर १, आणि काहीच झालं नाही तर आपला २५५ तसाच बसलेला दिसतो. एवढं जवळून गेस्टमध्ये कधीच दिसत नाही. शिवाय वेडीवाकडी रिक्वेस्ट पाठवून बघायची तर हाच रस्ता, कारण लिनक्सचा ड्रायव्हर सज्जन आहे, तो तसं काही पाठवणारच नाही.

गेस्ट बूट करण्याला पर्याय नाही तो खऱ्या ड्रायव्हरशी जमतंय का हे बघायला. व्हर्टआयओ-ब्लॉकमध्ये डिस्कार्ड (कोणती जागा आता लागत नाही हे डिस्कला कळवणं) आलं क्यूएम्यू ४.० पासून, पण गेस्टमध्ये लिनक्स ५.० किंवा पुढचा नसेल तर ते दिसणारच नाही. असले घोळ क्यूटेस्टला कळत नाहीत. वेग मोजायचा तरीही गेस्टच लागतो.

पण वेगाच्या आकड्यांवर पटकन भाळू नका. तपकीर गल्लीतून घेतलेली माझी साटा एसएसडी. साटाची धाव सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास. गेस्टमध्ये डीडी या कॉपीच्या कमांडने दीड जीबी दाखवले! खूश होऊन मित्राला स्क्रीनशॉटही पाठवला. तो वेग रॅमचा होता. गेस्टची पेज कॅश (डिस्कचा डेटा रॅममध्ये धरून ठेवणारी) एक, आणि क्यूएम्यूचा डिफॉल्ट राइटबॅक असल्याने होस्टची, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनची, दुसरी. होस्टकडे कॅश 'नन' ठेवा, आत एफआयओ या वेग मोजायच्या टूलला डायरेक्ट आयओ, म्हणजे कॅश टाळून, सांगा, मग आकडे लिहून घ्या. खालच्या डिस्कचा संबंधच नको असेल तर मागे प्रत्यक्षात काहीच न साठवणारा नल ड्रायव्हर लावा.

फ्लशच्या, म्हणजे कॅशमधलं डिस्कवर पक्कं उतरवायला लावणाऱ्या आज्ञेच्या, बाबतीत तर गेस्टवाले स्वतःलाच फसवतात. क्यूएम्यूची प्रोसेस किल करायची, परत सुरू करून डेटा शाबूत दिसला की 'फ्लश चालतंय' म्हणायचं. अहो, प्रोसेस मेली तरी होस्टचा कर्नल जिवंत आहे, त्याच्या कॅशमधलं तो सावकाश डिस्कवर उतरवतोच. फ्लश पूर्ण बंद ठेवलात तरी ही टेस्ट पास होईल. खरी परीक्षा गुरुवारी लाइट जाते तेव्हा, तीही बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपवर. तोवर थांबायचं नसेल तर डिव्हाइसखाली क्यूएम्यूचा ब्लॉकलॉगराइट्स ड्रायव्हर लावा. कोणत्या राइटनंतर फ्लश आला हे त्यात क्रमाने नोंदलं जातं.

क्यूकाऊ२ या क्यूएम्यूच्या डिस्क-फाइलच्या फॉरमॅटमध्ये बदल केला असेल तर हे दोन्ही सोडा आणि क्यूएम्यूसोबतच येणाऱ्या आयओटेस्ट्स चालवा. तिथे आउटपुट आधीच जपून ठेवलेल्या फाइलशी ताडून बघतात, बास.

मुद्दाम एरर आणायला ब्लॉकडीबग ड्रायव्हर क्यूटेस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे चालतो. गेस्टमध्ये डिस्क भरल्याची एरर दिलीत तर मात्र दचकू नका: डिफॉल्ट सेटिंगमध्ये गेस्टला एरर मिळतच नाही, अख्खं मशीन पॉज होतं. मी ते हँग समजून अर्धा तास डीबगरमध्ये घालवला होता.

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि डिव्हाइसच्याच कोडमधला बदल असेल, तर मी आधी क्यूटेस्ट लिहीन. सेकंदांत निकाल येतो, त्यामुळे दिवसात पन्नासदा चालवायचा कंटाळा येत नाही. गेस्ट रात्री, पॅच पाठवायच्या आधी एकदा.