शहराच्या मध्यात बस बदलण्याची जागा: आवारातलं टर्मिनल की रस्त्यावरचे थांबे?

मध्यम आकाराच्या शहरात सगळे बसमार्ग मध्यभागी एकत्र आणायचे ठरलं, की शेवटी दोन आराखडे समोर उरतात. एकात मोकळा भूखंड घेऊन फलाट बांधायचे आणि प्रत्येक बस आवारात वळवायची. दुसऱ्यात एक-दोन रस्ते बसला द्यायचे आणि फुटपाथच्या कडेलाच लांब, सलग थांबे करायचे. दोन्ही चालू शकतात. निवड करायची वेळ आली तेव्हा मी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला, आणि तो एकाच त्रासामुळे. पण टर्मिनल जिथे खरोखर योग्य ठरतं अशी शहरंही आहेत, म्हणून आधी त्याची बाजू.

टर्मिनलचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे जुळवलेलं वेळापत्रक. मार्ग दर अर्ध्या तासाने किंवा त्याहून विरळ असतील, तर एक बस चुकण्याची किंमत फार मोठी असते. अशा वेळी सगळ्या बस एकाच वेळी मध्यभागी आणायच्या, पाच-सात मिनिटं शेजारीशेजारी उभ्या ठेवायच्या आणि एकत्र सोडायच्या, म्हणजे कुठूनही कुठेही बदल मिळतो. स्वित्झर्लंडने 1982 पासून रेल्वेचं वेळापत्रक ठरावीक अंतराने फिरतं केलं आणि पुढे जोडगाड्या त्याभोवती बांधल्या, त्यामागे हाच विचार आहे. रस्त्याच्या कडेला डझनभर बस सात मिनिटं उभ्या करता येत नाहीत. त्यासाठी आवारच लागतं.

दुसरी जमेची बाजू बदलाच्या अंतराची. मधोमध एक बेट-फलाट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बस, अशी रचना केली तर एका बसमधून उतरून दुसरीत चढायला आठ-दहा मीटर पुरतात आणि मध्ये रस्ता येत नाही. काठी टेकत चालणाऱ्याला किंवा कडेवर मूल घेतलेल्या बाईला याचं मोल विचारा. चालकांची स्वच्छतागृहं, विश्रांतीची खोली आणि चौकशीची खिडकीही एका ठिकाणी येते. विजेवरच्या बस फेरीच्या मधेच जलद चार्ज करायच्या असतील, तर पाच-दहा मिनिटं उभं राहणं अटळच आहे, आणि तिथे पारडं टर्मिनलकडे स्पष्ट झुकतं.

जागेचा हिशेब मात्र आधीच करून ठेवा, कारण पहिल्या चित्रात तो नेहमी कमी धरलेला असतो. सहा मार्ग शहराच्या आरपार जातात असं समजू. दोन्ही दिशा धरून एकाच वेळी 12 बस आत लागतील. करवतीच्या दातांसारखे तिरपे फलाट केले तर पुढची बस हलायची वाट न पाहता प्रत्येक बस स्वतंत्र निघू शकते, पण 12 मीटरच्या बसला दर दाताला साधारण 20 मीटर लांबी जाते. बेटाच्या दोन बाजूंना सहा-सहा म्हणजे 120 मीटर. टोकाला वळायला बसचा बाहेरचा कोपरा 12.5 मीटर त्रिज्येचं वर्तुळ कापतो, म्हणून रुंदी मोकळ्या अंतरासह 26 मीटरच्या खाली नेता येत नाही. उभ्या बसच्या बाजूने दुसरी बस पुढे जायची तर 30 धरा. दोन्ही टोकांची वळणं मिळवून 150 बाय 30 मीटर, म्हणजे अर्ध्या हेक्टरला थोडीच कमी जागा, आणि यात बिघडलेल्या बसला उभं करायचा एकही कोपरा नाही.

बस तोंडाने आत घालून मागे घेत बाहेर काढायची रचना जागा वाचवते आणि प्रवासी एकाच दालनात राहतात. लांब पल्ल्याच्या, तासातून एकदा सुटणाऱ्या गाड्यांना ती ठीक आहे. शहर बसला नको. मागे घेताना चालकाला दिसत नाही, मागे उभं राहून इशारा देणारा माणूस लागतो आणि तेवढा वेळ शेजारच्या दोन जागाही अडकतात.

आता तो त्रास, ज्याने माझा निर्णय झाला: टर्मिनलचं तोंड.

आवार कितीही ऐसपैस असलं तरी ते रस्त्याला एक किंवा दोन ठिकाणीच जोडलेलं असतं, आणि प्रत्येक बस त्या अरुंद जागेतून दोनदा जाते. वाहतूक डावीकडून चालते असं धरू. एका दिशेच्या बस डावीकडे वळून सहज आत येतात. उलट दिशेच्या बसना समोरची वाहतूक छेदून उजवीकडे वळावं लागतं, म्हणजे सिग्नल हवा. तो 120 सेकंदांच्या चक्राचा आणि या वळणाला 20 सेकंद हिरवा दिला, तर येणाऱ्या बसला सरासरी 40 सेकंद थांबावं लागतं. आत माणसं चालत असल्याने वेग ताशी 10 किलोमीटरच्या वर नेऊ नये; त्या वेगाने 300 मीटरचा फेरा पावणेदोन मिनिटांहून अधिक खातो. बाहेर पडताना पुन्हा 40 सेकंद. थांब्यावरचा वेळ न धरता तीन मिनिटं गेली. गर्दीच्या वेळी ती चार होतात, आणि रांग लागली तर त्याहून जास्त.

ही चार मिनिटं ज्याला बस बदलायचीच नाही त्याच्याही वाट्याला येतात. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा माणूस खिडकीत बसून बस फलाटाला प्रदक्षिणा घालताना पाहतो आणि ज्या रस्त्यावरून आत शिरला त्याच रस्त्यावर परत येतो. रोज दोन वेळा हे सहन केलेला प्रवासी दुचाकी घ्यायचा विचार करू लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही. टर्मिनलच्या इमारतीवर आपण केवढा जीव लावतो. त्यातला थोडा या प्रवाशावर लावायला हवा.

आरपार मार्गाची बस एका पूर्ण फेरीत दोनदा मध्यभागातून जाते, म्हणजे फेरीमागे आठ मिनिटं. दर 15 मिनिटांनी बस हवी आणि फेरी 60 मिनिटांची असेल तर चार बस पुरतात. ती 68 मिनिटांची झाली की पाचवी लागते. सगळे मार्ग असे नेमके काठावर नसतात, पण सरासरीने पाहिलं तरी सहा मार्गांना मिळून तीनहून थोड्या जास्त बस या फेऱ्यातच खर्च होतात. दिवसभर, रोज, चालकांच्या दोन-दोन पाळ्यांसह. बांधकामाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम कुठेच दिसत नाही, म्हणून तिची चर्चाही होत नाही.

जुळवलेल्या वेळापत्रकाचा फायदाही याच तोंडाशी गळतो. 12 बस एका क्षणी निघाल्या, पहिलीला हलायला पाच सेकंद आणि पुढच्या प्रत्येकीला पाच धरले, तर 20 सेकंदांच्या हिरव्यात चार बस बाहेर पडतात. शेवटच्या चारांना तिसरं चक्र मिळतं, म्हणजे त्या चार मिनिटं उशिरा निघतात. आत येतानाही तसंच. उजवीकडे वळणाऱ्या सहा बस चार मिनिटांत आल्या तर दर चक्राला तीन उभ्या राहतात आणि बसमागे 14 मीटर धरून 42 मीटरची वळणमार्गिका लागते. बहुतेक आराखड्यांत ती दोन बसपुरती असते. तिसरी बस मुख्य रस्त्यावर आडवी राहिली, की मागची सगळी वाहतूक थांबते आणि चौथी बसही त्याच कोंडीत सापडते.

यावर उपाय नाहीत असं नाही. बसला सिग्नलवर अग्रक्रम, आत यायला एक रस्ता आणि बाहेर पडायला पलीकडचा दुसरा, जमल्यास फक्त डावी वळणं. असा भूखंड मिळाला, ज्याला दोन समांतर रस्ते लागतात आणि बस एकीकडून शिरून पुढच्या दिशेनेच बाहेर पडते, तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो. पण मध्यवस्तीत भूखंड निवडून मिळत नाही. जो रिकामा असतो तो मिळतो.

टर्मिनल गरजेपेक्षा मोठं झालं तर ते आकसता येत नाही, हेही लक्षात असू द्या. इंग्लंडमधल्या प्रेस्टनचं बसस्थानक 1969 साली उघडलं तेव्हा त्याच्या दोन बाजूंना 40-40 अशा 80 बसची सोय होती आणि पायी येणाऱ्यांना भुयारी मार्गाने यावं लागे. इमारत देखणी आहे, 2013 पासून संरक्षित वारसाही आहे. पण नूतनीकरणानंतर बससाठी एकच बाजू वापरात ठेवली गेली.

आता रस्त्यावरच्या थांब्यांकडे. इथे बस वळत नाही, शिरत नाही; सरळ येते, थांबते, सरळ जाते. हा फायदा टिकवायचा तर काही गोष्टी चोख लागतात, नाहीतर रस्त्यावर केवळ बसची रांग उरते.

एकाच कडेला एकामागे एक जागा वाढवत नेणं ही इथली नेहमीची चूक. बसना एकमेकींना ओलांडता येत नसेल तर पहिल्या तीन जागा मिळून सुमारे अडीच जागांचं काम करतात, आणि चौथी-पाचवी जोडून एकूण पावणेतीनच्या पुढे जात नाही. कारण पुढची बस निघेपर्यंत मागची रिकामी जागा निरुपयोगी असते. म्हणून एका थांब्याला तीन बस, सुमारे 45 मीटर. त्याहून जास्त बस असतील तर मार्गांचे दोन गट करा, त्यांचे थांबे वेगळे ठेवा आणि ओलांडायला दुसरी मार्गिका द्या. गट जाणाऱ्या दिशेवरून पाडा: पूर्वेकडे जाणाऱ्या सगळ्या बस एका थांब्यावर आल्या, तर जो पहिली मिळेल ती पकडणार आहे त्याला धावाधाव होत नाही.

वर धरलेल्या सहा मार्गांच्या तासाला 48 बस होतात, एका दिशेला 24. थांब्यावर एक ते दीड मिनिट लागत असेल तर प्रत्येक दिशेला तीन जागांचा एक थांबा हे काम पेलतो. दीड मिनिटाच्या वर गेलं की पेलत नाही. तेव्हा तिकिटं बसमध्ये चढण्याआधी, चढायला सगळी दारं खुली आणि फुटपाथची कड 18 सेंटिमीटर उंच ठेवा. कडेला समांतर, सरळ यायला जागा मिळाली तरच बस तिला चिकटून थांबते. तिरपं वळून यावं लागलं की मागचं दार दीड फूट लांब राहतं आणि उंच कडेचा सगळा उपयोग जातो.

थांब्याखाली डांबर नको, काँक्रीट हवं. बसचा मागचा आस 10 टनांहून अधिक भार टाकतो. ब्रेक आणि उन्हाने डांबर पुढे सरकून लाटा येतात, त्यांत पाणी साचतं आणि ते रांगेतल्या लोकांच्या अंगावर उडतं. 20 ते 25 सेंटिमीटरची फरशी घाला. पण त्याआधी खालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बाजूला हलवा. हे राहिलं तर दोन वर्षांत कोणीतरी ती फरशी फोडतो आणि थांबा महिनोन् महिने बंद राहतो.

रस्त्यावरच्या पर्यायाचे खरे तोटे तीन. विरुद्ध दिशेचा बदल रस्ता ओलांडूनच होतो, म्हणून क्रॉसिंग थांब्याच्या तोंडाशीच हवं, 60 मीटर पुढे नको. लोक तिथवर जात नाहीत, मधूनच जातात. दुसरा, वाट पाहणाऱ्यांची गर्दी दुकानांच्या दारात येते. माणशी एक चौरस मीटर आणि त्यामागे चालायला दोन मीटर मोकळे धरले तर चार-पाच मीटरचा फुटपाथ लागतो, आणि तो वाहनतळाच्या जागेतूनच काढावा लागतो. दुकानदारांशी हे आधी बोला. तिसरा, मोर्चा किंवा खोदकामासाठी रस्ता बंद झाला की केंद्रच बंद. शेजारचा समांतर रस्ता पर्यायी मार्ग म्हणून आधीच ठरवून, तिथे थांब्यांचे खांब उभे करून ठेवावे लागतात.

आणि एक वरची मर्यादा आहेच. कॅनडातल्या ओटावाची जलद बससेवा 1983 मध्ये सुरू झाली, पण मध्यभागात ती ॲल्बर्ट आणि स्लेटर या दोन रस्त्यांवरच राहिली. बस वाढत गेल्या तशी तिथे बसचीच कोंडी झाली, आणि 2019 मध्ये भुयारातून हलकी रेल्वे आल्यावर तो भार उतरला. मध्यम शहर सहसा तिथवर पोचत नाही. पण एका दिशेला तासाला 60-70 बसच्या पुढे जाणार असाल तर एका रस्त्यावर भरवसा ठेवू नका.

चालकाची विश्रांती कुठे, हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते सगळ्या निवडीची किल्ली तिथे आहे. प्रवाशाने चढायची जागा आणि बसने विसावायची जागा एकच असली पाहिजे, असं आपण न तपासता धरतो. मार्ग आरपार जोडले तर विसावा दोन्ही टोकांना घेता येतो. तिथे जमीन मोकळी असते. एक स्वच्छतागृह, पाण्याचा नळ, सावली आणि दोन बसची जागा पुरते. मध्यभागाची सगळ्यात महाग जमीन उभ्या बसला द्यावी लागत नाही.

तुमचे बहुतेक मार्ग मध्यभागीच संपत असतील आणि आरपार जोडता येत नसतील, किंवा बस अर्ध्या तासाने असतील, तर टर्मिनल घ्या; तोंडाचा नकाशा मात्र इमारतीच्या आधी काढा. बस 15 मिनिटांनी किंवा त्याहून दाट असतील, आणि मध्यभागी पोचलेल्या बसमधले निम्मे लोक खाली न उतरता पुढे जात असतील, तर मी रस्ताच निवडेन. हे निम्मे आहेत की नाहीत ते मोजणं अवघड नाही. आठवडाभर, सकाळी आणि संध्याकाळी, मध्यभागाच्या आधीच्या थांब्यावर बसमध्ये किती होते आणि नंतर त्यातले किती राहिले एवढंच वाहकाने लिहायचं.

रस्त्याचा पर्याय बांधण्याआधी करूनही पाहता येतो. रंगाने बसमार्गिका आखा, लाकडी किंवा प्लास्टिकचे तात्पुरते फलाट ठेवा, सहा आठवडे चालवा. टर्मिनलची अशी चाचणी होत नाही. मोकळ्या मैदानात शंकू मांडून सगळ्यात लांब बस फिरवून पाहता येते, पण त्यात तोंडाशी लागणारी रांग दिसत नाही. रस्त्यावरच्या चाचणीत संध्याकाळच्या गर्दीला चौकात उभं राहून एकच गोष्ट पाहा: तिसरी बस थांब्याला लागली तेव्हा तिचं शेपूट चौकात राहिलं का. राहिलं, तर थांबा 15 मीटर पुढे सरकवा आणि पुन्हा पाहा.