थारला लिफ्ट किती आणि टायर केवढा? आधी गाडी कुठे टेकते ते बघा

२०२० नंतरची तीन दारांची महिंद्रा थार घेतली की वर्षभरात हा प्रश्न येतोच. समोर तीन पर्याय असतात. लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं) न करता फक्त एक पायरी मोठा टायर, साधारण दोन इंच लिफ्टसोबत तेहतीस इंची टायर, किंवा चार इंच लिफ्ट आणि पस्तीस इंची टायर. तिन्हींकडे एकाच कामाच्या लहान-मोठ्या मात्रा म्हणून बघितलं जातं, आणि घोळ इथेच सुरू होतो. लिफ्ट आणि टायर ही दोन वेगळी कामं आहेत.

लिफ्टने बॉडी आणि चॅसी वर जाते. थारचा मागचा ऍक्सल सॉलिड आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा, त्यामुळे त्याच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त टायरच्या त्रिज्येने वर जातो. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने तिथला डिफरन्शियल चॅसीला बांधलेला असतो आणि तो लिफ्टसोबत वर येतो. थोडक्यात, पोट, दाराखालची पायरी किंवा बंपर टेकत असेल तर लिफ्टचा उपयोग आहे. बैलगाडीच्या चाकोरीत मधल्या उंचवट्यावर मागचा गोळा घासत असेल, तर चार इंच लिफ्ट करूनही तो तिथेच घासत राहील.

म्हणून पैसे काढण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट बघा. ताजे ओरखडे कुठे आहेत? गोळ्याच्या तळाशी, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) पत्र्यावर, मागच्या बंपरच्या कडेला की पायरीखाली? बऱ्याच गाड्यांवर सगळ्यात खोल खुणा पायरीवर असतात. ती काढून टाकणं किंवा तिच्या जागी मजबूत रॉक स्लायडर (दगडाचा मार झेलणारी लोखंडी नळी) लावणं हे लिफ्टपेक्षा कितीतरी सोपं काम आहे.

आता टायरचं गणित. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिमी, भिंत तिच्या ७५ टक्के आणि रिम १६ इंची. मिमीमधले आकडे टायरच्या मापावरून काढलेले आहेत आणि शेवटचा फरक १८ इंची रिमवरच्या मूळ टायरशी तुलना करून आहे. प्रत्यक्षात कंपनीगणिक आणि झिजेनुसार थोडा फरक पडतो.

| माप | व्यास | बाजूची भिंत | ऍक्सलखाली फरक |
|---|---|---|---|
| २४५/७५ आर १६ (मूळ, १६ इंची रिम) | ७७४ | १८४ | −७ |
| २५५/६५ आर १८ (मूळ, १८ इंची रिम) | ७८९ | १६६ | ० |
| २६५/७० आर १७ | ८०३ | १८६ | +७ |
| २७५/६५ आर १८ | ८१५ | १७९ | +१३ |
| २८५/७० आर १७ | ८३१ | २०० | +२१ |
| ३५×१२.५ आर १७ | ८८९ | २२९ | +५० |

शेवटचा रकाना बघून काहींची निराशा होईल. एवढा खर्च करून तेहतीस इंची टायर घातला, तरी ऍक्सलखाली मिळतात जेमतेम दोन सेंटिमीटर. तरीही मोठा टायर लागतो, आणि त्याचं कारण तिसऱ्या रकान्यात आहे. भिंत उंच असली की हवा कमी करता येते. हवा कमी केली की टायर दगडाला गुंडाळून धरतो, पकड लांबते आणि रिम वाचते. १८ इंची रिमवर १६६ मिमीची भिंत घेऊन हवा फार उतरवली, तर धारदार बेसाल्टवर रिमला पोक आलाच. म्हणून मी १८ वरून १७ इंची रिमवर उतरण्याला लिफ्टच्या आधीचं स्थान देईन. १६ इंची रिमवाल्यांना तर रिम बदलायचीही गरज नाही. २६५/७५ आर १६ चा व्यास ८०४ मिमी भरतो आणि भिंत जवळपास २०० मिमीची मिळते.

पहिला पर्याय हाच: लिफ्ट शून्य, २६५/७० आर १७ किंवा २६५/७५ आर १६, ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची) नक्षी. सस्पेन्शनला हात लागत नाही, अलाइनमेंट जागेवर राहते, स्पीडोमीटर १८ इंची रिमवाल्यांचा दोन टक्क्यांच्या आत, तर १६ इंचीवाल्यांचा चार टक्क्यांच्या आत चुकतो. वर्षाचे दहा महिने पुणे-मुंबई रस्ता आणि उरलेले सह्याद्रीतले मुरमाचे, दगडगोट्यांचे गाडीरस्ते असा वापर असेल, तर याच्यापुढे जायचं कारण नाही. सोबत एक चांगला बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि खात्रीचा गेज घ्या. मुरूम-दगडावर २० ते २२ पीएसआय, चिखलात १६ ते १८. बीडलॉक (टायरची कड रिमला जखडणारं कडं) नसलेल्या रिमवर १४ च्या खाली जाऊ नका. वळणात टायर रिमवरून निसटतो. डांबरावर येताच दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा परत भरा, नाहीतर भिंत तापून टायर फुटायची भीती.

याची मर्यादा खोल चाकोरीत आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या खडकावर कळते. थारचा व्हीलबेस २४५० मिमी आणि मूळ ब्रेकओव्हर कोन (पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन) २७ अंश. ५० मिमी लिफ्टने त्यात चार-साडेचार अंशांची भर पडते. वाटेत बांध आणि उंचवटे वारंवार ओलांडावे लागत असतील तर हा फरक जाणवतो. इथे दुसरा पर्याय सुरू होतो: ४० ते ५० मिमी लिफ्ट आणि २८५/७० आर १७.

या पर्यायात यश-अपयश ठरतं ते लिफ्ट कशाने केली यावर. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बसवायची चकती सगळ्यात स्वस्त. शॉकअप खालच्या आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मधल्या भागात बसत असल्याने २५ मिमीची चकती चाकापाशी जवळपास दुप्पट उंची देते. पण शॉकअपची लांबी तीच राहते आणि चाक आता आधीपासूनच खाली लोंबलेलं असतं. म्हणजे खड्ड्यात उतरायला चाकाकडे प्रवासच उरत नाही. गाडी उंच दिसते आणि आधीपेक्षा लवकर चाक उचलते. वरचा बॉल जॉइंट शेवटच्या कोनाला ठोकर खातो, चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट (वाकून फिरणारा सांधा) कायम वाकलेल्या अवस्थेत फिरतो आणि त्याच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींना घासत राहतात. पहिली खूण रिमच्या आतल्या बाजूला दिसते: ग्रीसचा बारीक काळा पट्टा, गोल उडालेला. तो दिसला की लगेच बूट बदला. पावसाळ्याचा चिखल एकदा आत गेला की जॉइंटच जातो.

लिफ्ट करायचीच तर लांब शॉकअप, त्याला जुळणाऱ्या स्प्रिंगा आणि सुधारित कोनाचे वरचे आर्म असा पूर्ण संच घ्या. आर्मशिवाय कॅस्टर (पुढच्या चाकाच्या स्टिअरिंग अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि शंभरच्या वेगाला गाडी भरकटते. स्प्रिंगची ताकद गाडीवरच्या खऱ्या वजनाला जुळवायची. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढणारी दोराची चरखी) आणि लोखंडी बंपर नसताना जड भाराची स्प्रिंग बसवली, तर गाडी दगडी पाट्यासारखी उडत जाते.

मागे दुसरीच गोष्ट घडते. ऍक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला चॅसीला आणि दुसऱ्या टोकाला ऍक्सलला असतो. चॅसी वर गेली की हा रॉड ऍक्सलला एका बाजूला ओढतो. मागच्या दोन्ही चाकांपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर ओळंब्याने मोजा. फरक दिसला तर लांबी बदलता येणारा रॉड लावून ऍक्सल मध्यावर आणा. चाक पूर्ण लोंबलं असताना ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही तेव्हाच बघायचं.

गॅरेजमध्ये हमखास होणारी एक चूक इथे सांगायलाच हवी. गाडी रॅम्पवर, चाकं हवेत, आणि त्याच अवस्थेत आर्मचे बुशवाले बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली उतरली की रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट नुसते लावून घ्या, गाडी चाकांवर उभी करा, दोन-चारदा दाबा आणि मगच टॉर्क रेंचने आवळा. ५०० किमीनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग कोनाच्या सेन्सरचं शून्य पुन्हा सेट करून घ्या आणि हेडलाइट खाली झुकवा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाईल.

टायर घासतो का, ते सपाट फरशीवर कळत नाही. टायरच्या खांद्यावर खडू फासा, एक पुढचं चाक आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक दगडावर चढवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा. आतल्या प्लॅस्टिकवर पांढरी रेघ उमटली की तिथे घासतो. बरेचदा दोष टायरचा नसून रिमच्या ऑफसेटचा (रिम किती आत किंवा बाहेर बसते याचा) असतो. बाहेर आलेली रिम वळताना मोठं वर्तुळ घेते, बंपरच्या मागच्या कोपऱ्याला लागते आणि बेअरिंगवर भार टाकते. व्हील स्पेसर (रिम बाहेर ढकलणारी चकती) लावून ही तक्रार वाढते.

तेहतीस इंचाची किंमत रोजच्या वापरात अशी दिसते: कांटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने धावते. जाड भिंतीचा २८५ टायर मूळ टायरपेक्षा प्रत्येकी पाच ते आठ किलो जड असतो, त्यामुळे उचल मंदावते आणि ब्रेक लांब लागतो. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य सुमारे सात सेंटिमीटर वर जातो, म्हणून वरंधा किंवा आंबोलीच्या वळणांवर गाडी जास्त कलते. स्टेपनीही त्याच मापाची हवी, म्हणजे टायर पाच. फोर व्हील ड्राइव्हमध्ये एक लहान चाक घेऊन दगडावर चालवलं तर ट्रान्समिशनवर पीळ बसतो. आणि हे पाचवं जड चाक मागच्या दारावर लटकतं, तेव्हा दाराच्या बिजागऱ्यांकडे लक्ष ठेवा.

तिसऱ्या पर्यायाला जास्त शब्द नकोत. पस्तीस इंची टायर सगळे गिअर सुमारे १३ टक्क्यांनी उंच करतो, म्हणजे लो रेंजमधलं (जास्त ताकदीच्या, संथ गिअरमधलं) हळू सरपटणं, ज्यासाठी गाडी घेतली, तेच बिघडतं. स्वतंत्र सस्पेन्शनवर चार इंच म्हणजे पुढचा डिफरन्शियल खाली उतरवणारे ब्रॅकेट, कापलेले मडगार्ड आणि सतत मोडणारे शाफ्ट. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात भरू लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत इतके मोठे टायर शोभतात, पण तिथल्या गाड्यांमध्ये पुढे-मागे सॉलिड ऍक्सल असलेल्या जिप्सी बऱ्याच असतात आणि त्या स्पर्धेपुरत्याच चालतात.

मारुती जिम्नीवाल्यांसाठी: मूळ १९५/८० आर १५ वरून २१५/७५ ला ५ मिमी आणि २३५/७५ ला २० मिमी मिळतात. दोन्ही ऍक्सल सॉलिड असल्याने इथे टायरचं महत्त्व थारपेक्षाही जास्त. ४० मिमी लिफ्ट पुरते, पण कॅस्टर सुधारणारे बुश आणि दोन्ही पॅनहार्ड रॉड विसरू नका. इंजिन लहान आहे, २३५ नंतर घाटात सतत एक गिअर खाली यावं लागतं.

नक्षीबद्दल एवढंच. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या चिकण मातीत ऑल टेरेनच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे मड टेरेनच (खोल, रुंद खाचांचा चिखलाचा टायर) लागतो. ओल्या डांबरावर मात्र तोच मड टेरेन घसरतो, त्यामुळे कोकणात ये-जा करणाऱ्याने ऑल टेरेन घ्यावा.

कायद्याची बाजू निर्णयाच्या आधीच बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. लिफ्ट आणि बाहेर आलेलं चाक लांबूनच दिसतं. टायर एक पायरी वाढवतानाही भार आणि वेगाचा निर्देशांक मूळपेक्षा कमी नको. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि सस्पेन्शनवरची वॉरंटी गेली असं धरूनच हिशोब करा.