सेट जोडी म्हणून दोन माद्या गळ्यात मारल्या, कबुतरं घेणाऱ्यांनी हे वाचाच

कबुतरं विकणाऱ्या एका माणसाने मला कसं फसवलं ते सगळं नीट लिहिते आहे, कारण तो अजूनही तोच व्हिडिओ लावून जाहिरात टाकतोय आणि हीच पद्धत वापरणारे बरेच आहेत. त्याचं नाव लिहीत नाही. पण तो काय बोलला, काय दाखवलं आणि नंतर प्रत्येक वेळी काय कारण दिलं ते लक्षात ठेवा, कारण शब्द थोडेफार बदलून तुमच्यासमोर हेच येईल.

माझ्याकडे आधीपासून साधी कबुतरं होतीच, त्यांची ढाबळ म्हणजे राहायची जागा पण चांगली कोरडी आणि हवेशीर आहे. मला लक्क्याची एक पांढरी जोडी हवी होती, ते शेपटीचा पंखा करून चालतात ना ते. जाहिरातीत लिहिलेलं, सेट जोडी म्हणजे आपसात जमलेली नर मादी, अंडी पिल्लं चालू, वय एक वर्ष, पायात रिंग, नर मादी ओळखायच्या डीएनए टेस्टच्या सर्टिफिकेटसकट. व्हिडिओ मागितला तर लगेच पाठवला, त्यात दोघं चोचीत चोच घालून भरवतायत, एक दुसऱ्याच्या अंगावर चढतंय, मान साफ करतायत. दुसऱ्या व्हिडिओत घरट्यात दोन पिल्लं आणि शेजारी त्यातलंच एक कबुतर बसलेलं. एवढं बघितल्यावर कोणालाही वाटणार की ही नर मादीच आहे.

आता इथेच खरी मेख आहे. कबुतरात नर मादी दिसायला जवळजवळ सारखे असतात, नराचं डोकं जरा मोठं, मान जाड, तो घुमत घुमत पूर्ण गोल फिरतो वगैरे खुणा आहेत पण त्यातली एकही पक्की नाही. आणि दोन माद्या एकत्र कोंडल्या ना तर त्या आपसात जोडी लावतात, चोच भरवतात, एकमेकींवर चढतात पण, घरटं करतात, आळीपाळीने अंड्यावर बसतात, म्हणजे जोडीचं सगळं काही होतं फक्त अंडी फळत नाहीत. हे विकणाऱ्याला व्यवस्थित माहीत असतं. पिल्लांचा व्हिडिओ पण पुरावा नाही, कारण कबुतरं दुसऱ्याची अंडी खाली ठेवली तरी उबवतात आणि पिल्लं वाढवतात, गळ्याच्या पिशवीतलं दूध नर मादी दोघांनाही येतं आणि दोन माद्या बसलेल्या असल्या तरी दोघींना येतं. दुसऱ्या जोडीची फळलेली अंडी त्यांच्याखाली सरकवायची, पिल्लं निघाली की शूटिंग करायचं, झाली सेट जोडी तयार.

घरी आणल्यावर थोड्याच दिवसात घरट्यात अंडी दिसली, आम्ही खूश. मग बघते तर चार अंडी. कबुतराची मादी एका वेळी दोनच अंडी घालते, पहिलं संध्याकाळकडे आणि दुसरं साधारण 40 ते 44 तासांनी म्हणजे मधला एक दिवस सोडून दुपारी. एका घरट्यात चार अंडी म्हणजे दोन माद्यांनी घातली, याला दुसरा अर्थ नाही. त्याला फोन केला तर म्हणतो, ताई, जागा बदलली की मादी गोंधळते, कधी कधी डबल अंडी देते, तुम्ही थांबा. पाच सहा दिवसांनी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरली, फळलेल्या अंड्यात तोपर्यंत लाल शिरांचं जाळं दिसतं, इथे चारही अंडी आरपार स्वच्छ. तरी 18 दिवस जाऊ दिले कारण कबुतराची अंडी 17 ते 18 दिवसात फुटतात. काहीच नाही.

यानंतर त्याने जे केलं ते मला मूळ फसवणुकीपेक्षा जास्त वाईट वाटतं. त्याने सगळा दोष माझ्या ढाबळीवर टाकला. आधी म्हणाला उजेड कमी आहे. मग म्हणाला घरट्याची पेटी लहान पडते. मग कॅल्शियम कमी आहे म्हणून एक पावडर विकली, डब्यावर ना घटक लिहिलेले ना तारीख. मग म्हणाला बाकीच्या कबुतरांमुळे जोडी डिस्टर्ब होते, वेगळा पिंजरा घ्या, माझ्याकडे तयार आहे. प्रत्येक कारणासोबत विकायला काहीतरी होतंच. आणि बोलायचा इतकं काळजीने की ज्याने पहिल्यांदाच कबुतरं घेतलीयत तो बिचारा महिनोन्महिने आपल्याच जागेत खोट शोधत बसेल, रोज पेटी हलवेल, जाळी बदलेल, आणि त्याची पैसे परत मागायची वेळ तोपर्यंत टळून गेलेली असेल. जागेमुळे अंडी फुटू शकतात, टाकून दिली जाऊ शकतात, सारखा त्रास झाला तर कबुतरं अंड्यावर बसायचं सोडतात, हे सगळं खरं आहे. पण जागा कितीही वाईट असली तरी एका मादीची चार अंडी होत नाहीत.

तो पिंजरा पण बघा कसा होता ते. मोठ्या षटकोनी भोकांची पातळ जाळी, जी कोंबड्यांना अडवायला लावतात. त्यातून उंदीर सहज आत येतो आणि मांजर पंजा घालून कबुतर ओढते. जाळी वेल्डेड आणि अर्धा इंचाची लागते, तळ जमिनीपासून उचललेला लागतो. प्लायवूडला खालून काही लावलेलं नव्हतं, पाणी सांडलं की फुगायला लागलं. ओल आली की बुरशी आणि जंत मागोमाग येतात, पक्षी थंडीने कमी आणि ओलीने जास्त आजारी पडतो.

सर्टिफिकेटचं सांगते. कागद खरा वाटत होता, त्यावर रिंग नंबर होते आणि पायातल्या रिंगशी जुळत पण होते. नंतर नीट बघितलं तर रिंगा उघड्या होत्या, म्हणजे एका बाजूला चीर असलेल्या, दाबून बसवता येतात आणि काढता पण येतात. बंद रिंग वेगळी असते, ती सलग असते, पिल्लू साधारण आठवडा दहा दिवसांचं असताना पायात सरकवतात, पाय वाढला की ती निघत नाही आणि मोठ्या कबुतराला घालता येत नाही. म्हणून बंद रिंगवरचा नंबर आणि वर्ष यांना अर्थ असतो. उघडी रिंग कोणाच्याही पायात कधीही घालता येते, खऱ्या टेस्टमधल्या नराची रिंग काढून मादीला घातली की सर्टिफिकेट खरं आणि कबुतर खोटं. मी नंतर दोघींची छातीची दोन चार पिसं मुळासकट काढून लॅबला पाठवली, दोन्ही मादी. वय पण एक वर्ष नव्हतं, चोचीवरचा पांढरा फुगीर भाग खडबडीत झालेला, डोळ्याभोवतीची कातडी जाड, पायाचे खवले रखरखीत, तरणं कबुतर असं दिसत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र आजाराने झालं. घ्यायला गेले तेव्हा मी म्हटलं की आधी काही दिवस वेगळी ठेवेन, तर तो हसून म्हणाला गरज नाही ताई, सगळं औषधपाणी झालंय, लगेच सोडा म्हणजे लवकर रुळतात, वेगळी ठेवली तर घाबरून बसतील. मी वेगळीच ठेवली होती पण त्या जागेची जाळी माझ्या जुन्या कबुतरांच्या ढाबळीला लागून होती आणि घरातल्यांनी पाण्याची भांडी धुताना अदलाबदल केली. पुढे माझ्या जुन्या जोडीची पिल्लं खायची बंद झाली, तोंड उघडलं तर घशात पिवळट चीजसारखे गोळे. याला कँकर म्हणतात, ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे होतो, पाण्यातून पसरतो आणि आई बाप भरवतात तेव्हा थेट पिल्लाच्या घशात जातो. मोठं कबुतर बाहेरून ठणठणीत दिसत असतं आणि तरी आजार घेऊन फिरत असतं. डॉक्टरांनी लक्क्यांच्या घशातला नमुना मायक्रोस्कोपखाली बघितला, त्यात निघाला. एक पिल्लू वाचलं, एक गेलं, फार जीव लागला होता त्याच्यावर.

लगेच मिसळा असं विकणारा का सांगतो ते मला तेव्हा कळलं. एकदा तुमच्या पक्ष्यांत सोडली की आजार कोणाकडून आला ते तुम्हाला कधीच सिद्ध करता येत नाही, तो म्हणणार तुमच्याकडेच होता. मला पण तेच म्हणाला. म्हणून नवीन पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळं पाणी, वेगळी भांडी, आणि हात लावायचा तर आधी जुन्यांचं करून मग नव्यांकडे जायचं. या काळात मान वाकडी होणं, दाणा टिपताना चोच चुकणं, पाण्यासारखी शीट, पंखाच्या सांध्याला सूज, एकाच डोळ्यातून पाणी, यातलं काही दिसलं की डॉक्टर. विकणाऱ्याने दिलेली गोळी पावडर देत बसू नका.

ओळखीतल्या एकांची वेगळीच फसवणूक झाली, ती पण सांगते. त्यांना मोठे होमर, म्हणजे लांबून घरी परतणाऱ्या जातीची कबुतरं, विकले आणि सांगितलं की आठवड्याभरात सोडा, रुळतील. सोडल्याबरोबर गेले परत विकणाऱ्याकडे. होमर वाढलेल्या ढाबळीकडेच परततो, कित्येक शे किलोमीटरवरून पण, आणि विकणाऱ्याने तीच कबुतरं पुन्हा दुसऱ्या कोणाला विकली असणार. मोठे होमर घेतले तर ते कायम बंद ढाबळीतच ठेवायचे आणि त्यांची तुमच्याकडे जन्मलेली पिल्लंच उडवायची. नाहीतर मुळात नुकतं खायला शिकलेलं, अजून न उडालेलं पिल्लू घ्यायचं.

उलटं पण चालतं. कार्यक्रमात आकाशात सोडायला म्हणून पांढरे पाळीव होले विकतात आणि सांगतात की परत येतात. ते येत नाहीत. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला छोटा पक्षी आहे तो, त्याला ना घर शोधता येतं ना ससाण्यापासून वाचता येतं. परत येतात ती पांढरी होमर कबुतरं, ती पण ट्रेनिंग दिलेली असतील तरच. कोणी होले सोडायला विकत असेल तर तो खोटं बोलतोय आणि त्या मुक्या जिवाला मारतोय, याहून सौम्य मला लिहिता येत नाही.

पैसे परत मागितले तर उत्तर, जिवंत माल आहे, गॅरंटी नसते. मग नंबर ब्लॉक. माझ्याकडे चॅट होतं, त्यात नर मादी असल्याचं त्याने लिहून दिलेलं होतं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता, त्या जोरावर तक्रार केली आणि थोडे पैसे परत आले, पावडर आणि पिंजऱ्याचे गेलेच. त्यामुळे फोनवर ठरवलं तरी नंतर मेसेजमध्ये लिहून घ्या की नर मादी आहेत, न निघाल्यास बदलून किंवा पैसे परत, किती दिवसात ते पण. प्रामाणिक माणूस लगेच लिहून देतो, ज्यांच्याकडून मी आधी कबुतरं घेतली त्यांनी न विचारता दिलं होतं.

आणि घ्यायला स्वतः जा, दिवसा जा. त्याची ढाबळ बघा, शीट बघा, वास घ्या. कबुतर हातात घ्या, छातीचं मधलं हाड सुरीसारखं टोचत असेल तर पक्षी खंगलेला आहे, पिसं कितीही चकचकीत असोत. चोच उघडून घसा बघा. शेपटीखालची पिसं घाण नकोत. शांत बसलेलं असताना तोंड उघडून श्वास घेत असेल तर ठेवून द्या. दोघांना वेगळं करून एकेकाला खात्रीच्या नरासमोर जाळीपलीकडे ठेवायला सांगा, नर असेल तर बहुतेक वेळा दोघं घुमत अंगावर येतात, यानेही शंभर टक्के कळत नाही पण असं करू द्यायलाच जो टाळाटाळ करतो तिथे थांबू नका.

आत्ता कोणाच्या घरट्यात चार अंडी असतील तर रागाने लगेच उचलून फेकू नका. अंडी काढली की माद्या आठवडा दहा दिवसात पुन्हा घालतात, असं सारखं झालं तर अंगातलं कॅल्शियम संपून मादी लुळी पडते. फोटो काढा, टॉर्च लावून व्हिडिओ काढा, विकणाऱ्याला पाठवा, आणि अंडी तशीच ठेवा किंवा प्लास्टिकची ठेवा, तीनेक आठवड्यांनी त्या स्वतःच सोडतात. तोवर डीएनएचा रिपोर्ट हातात येतो. मग दोघींना वेगळं करून प्रत्येकीला नर बघायचा, तो मात्र बंद रिंगचा.